कपाच्या बुडावरचे अक्षर

जुनी चिनी मातीची भांडी जमविणाऱ्या माणसाची एक सवय तुम्ही पाहिली असेल. कप हाती आला की तो आधी पालथा करतो. वरची वेलबुट्टी कोणालाही उतरविता येते. भांड्याचे कूळ बहुधा बुडावर सापडते. मी काही या विषयातला पंडित नव्हे. कामगारांची पगारपत्रके वाचता वाचता मला या शिक्क्यांची गोडी लागली. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

इंग्लंडात स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. माती आणि दगडी कोळसा तेथे जवळजवळ सापडतात, म्हणून कुंभारकामही तेथेच वाढले. अशाच एका कुंभाराच्या घरी १७३० साली जोसाया वेजवूड जन्मला. १७६९ साली त्याने एट्रुरिया हा कारखाना उघडला. तेथे एकच माणूस आख्खे भांडे घडवीत नसे. चाकावरचा वेगळा, मूठ लावणारा वेगळा, झिलई देणारा वेगळा, रंगविणारा वेगळा. निळ्या जमिनीवर पांढरी उठावाची चित्रे असलेली त्याची 'जॅस्पर' भांडी १७७० नंतरच्या दशकात निघाली आणि जगभर गाजली.

नावाला किंमत आली, तशी नक्कलही आली. म्हणून पारख करताना पहिली गोष्ट पाहावी ती नावाची अक्षरे. 'जी' नंतर एक जादा 'ई' दिसला, तर तो माल वेजवूडचा नव्हे. दुसरी गोष्ट 'इंग्लंड' हा शब्द. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून परदेशी मालावर देशाचे नाव घालावे लागले. शब्द असला तर भांडे बहुधा त्यानंतरचे. तिसरी गोष्ट चौकट आकाराची, हिऱ्यासारखी खूण. ती १८४२ ते १८८३ या काळातली. मात्र तिच्यावरून नमुना केव्हा नोंदला गेला एवढेच कळते, भांडे केव्हा घडले ते नव्हे.

चौथी खूण मला सर्वांत मोलाची वाटते. १८६० पासून वेजवूडच्या भांड्यांवर मातीतच तीन अक्षरे दाबलेली असत. पहिले महिन्याचे, तिसरे वर्षाचे. वर्षाची अक्षरे फिरून येतात: 'यू' म्हणजे १८६६ आणि १८९२ देखील. शेजारी 'इंग्लंड' असेल, तर १८९२ धरावे.

आणि मधले अक्षर? ते कुंभाराचे!

हे अक्षर गौरवासाठी नव्हते. कोणी काय घडविले, याची ती मोजदाद होती. स्टॅफर्डशायरात त्या शतकात एक रीत होती: भट्टीतून धड निघेल तेवढ्याच भांड्याची मजुरी. भट्टी लावणाऱ्याची चूक झाली, तरी नुकसान घडविणाऱ्याचे. १८३६ साली तेथल्या कुंभारांनी संप केला, तेव्हा ही रीत त्यांच्या तक्रारींत होती. आमच्याकडे सूत निकृष्ट निघाले, तरी कापडातल्या दोषापायी विणकराची मजुरी कापली गेलेली मी पाहिली आहे. म्हणून ती तक्रार मला परकी वाटली नाही.

मालकाचे नाव शोधण्यासाठी कप पालथा करावा, यात गैर काही नाही. पण त्या तीन अक्षरांवरून बोट फिरविताना मधल्या अक्षरावर क्षणभर थांबावे. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण हातातली वस्तू त्याची आहे.