पोटगीचा हुकूम झाला, पण पैसे हाती कसे येणार?

बाजारच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात गेलात, तर व्हरांड्यातल्या बाकावर हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेल्या दोन-चार बाया दिसतातच. पिशवीत कोर्टाचा कागद असतो. आमच्या वाडीतली एक लेक अशीच वर्षभर त्या बाकावर बसत होती. नवऱ्याने दरमहा ३ हजार रुपये पोटगी द्यावी, असा हुकूम तिला मिळालेला होता. नवरा जवळच्याच शहरात कायम नोकरीत, पगार २४ हजार. तरीही १४ महिन्यांत एक रुपया आला नव्हता. बापाने दोन शेळ्या विकून नातवाच्या वह्या-पुस्तकांची सोय केली. तिची समजूत अशी, की कोर्टाने सांगितले म्हणजे पैसे आपोआप येतील. ही समजूत पुष्कळांची असते, आणि ती चुकीची आहे. हुकूम मिळवणे हे एक काम, वसुली हे दुसरे; वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

पोटगीचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पूर्वी या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी मिळत नसे. ती मर्यादा २००१ साली उठली. नवऱ्याने सबळ कारण नसताना पैसे थकवले, तर न्यायदंडाधिकारी वसुलीचे वॉरंट काढू शकतात, आणि तरीही बाकी राहिली तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले आहे. "चार दिवस आत बसून येईन, पण दमडी देणार नाही" म्हणणाऱ्याला हे ऐकवावे.

मात्र एक अट फार घातक आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच हे वॉरंट निघते. आमच्या लेकीचे १४ महिने थकले होते; पहिले दोन महिने त्या वॉरंटातून गळाले. सहा हजार रुपये! कोणी वेळेवर सांगितले असते तर वाचले असते. तेव्हा तीन-चार हप्ते थकले, की अर्ज टाकावा. "आज देतो, उद्या देतो" यावर विसंबू नये.

आता पगाराकडे वळू. नोकरदार माणसाकडून पैसे काढण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे त्याच्या पगाराची खिडकी. पैसे त्याच्या हातात पडण्याआधीच कापून घ्यायचे. पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सांगितले. त्यासाठी दरखास्त करावी लागते. मग कोर्ट पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याला कळवते, की दरमहा इतकी रक्कम कापून पाठवा. कोर्टाचा आदेश हाती आल्यावरही मालकाने पूर्ण पगार नवऱ्याच्या हाती ठेवला, तर ती रक्कम मालकाच्याच अंगावर येते. त्यामुळे नवऱ्याचे न ऐकणारा हेडक्लार्क कोर्टाचे निमूट ऐकतो.

किती कापता येते? सावकाराच्या साध्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. पोटगीत मात्र फक्त एक-तृतीयांश सुरक्षित. म्हणजे २४ हजारांवर सावकाराला साडेसात हजारांच्या आसपास हात घालता येईल, तर बायको-मुलांसाठी १६ हजारांपर्यंत. (काही भत्ते या हिशेबात धरत नाहीत.) कायद्याने पोराबाळांच्या घासाला सावकारापेक्षा वरचे पान दिले आहे.

पण आपल्या वाचकांपैकी कित्येकींच्या घरी पगारच नाही. नवरा ऊस लावतो, दूध घालतो. मग काय कापणार? येथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम २०(६) पाहावे. या कायद्याखाली ठरलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकालाच नव्हे, तर त्याचे पैसे देणे असलेल्या कोणालाही ती परस्पर बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतात. उसाचे बिल देणे असलेला कारखाना, दुधाचा हप्ता देणारी संस्था, माल विकणारा अडत्या हे सारे देणेकरीच. या कलमाचा उपयोग खेड्यात व्हावा तितका होत नाही, असे मला वाटते. जमीन नावावर असेल, तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकते. मग जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

वकिलाकडे जाताना रिकाम्या हाती जाऊ नये. नवऱ्याच्या कचेरीचे पूर्ण नाव-पत्ता, पगार कोण काढतो, जुने पगारपत्रक सापडले तर तेही न्यावे. शेतकरी असेल तर सातबारा, आठ-अ आणि कारखान्यातला सभासद क्रमांक. उत्पन्न लपवण्याची खोड पुरुषांना असतेच, पण २०२० च्या त्याच निकालापासून दोघांनाही मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र कोर्टात द्यावे लागते. नोकरी बदलली, तर जुन्या मालकाला गेलेला आदेश नव्या मालकाला आपोआप लागू होत नाही. तसे कोर्टाला लगेच कळवावे. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर तालुका विधी सेवा समितीत जावे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तेथे वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

आमच्या लेकीच्या अर्जावर कोर्टाने दरमहा ५ हजारांची कपात लावली. त्यातले ३ हजार चालू पोटगीचे, २ हजार मागच्या ३६ हजारांपोटी. बाकी फिटायला १८ महिने लागतील. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा तिने पासबुक बापापुढे धरले. त्यांना वाचता येत नाही. नातवाने आकडा मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.