आघाडीचा गडी बचावात

१८ नोव्हेंबर २०२३. बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम, समोर तुर्कस्तान. जर्मनीच्या संघाची यादी आली आणि तीत काई हावर्ट्झ चक्क लेफ्ट-बॅकच्या जागी! हावर्ट्झ हा गोल करणारा खेळाडू. २०२१च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये चेल्सीला विजेतेपद मिळवून देणारा एकमेव गोल त्याचाच. त्याला बचावफळीत उभं करायचा बेत नवे प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांचा.

हिशेब असा होता : चेंडू आपल्याकडे असताना हावर्ट्झने डाव्या बगलेतून वर सरकून आघाडीत मिसळायचं आणि चेंडू गेला की धावत मागे येऊन बचाव सांभाळायचा. पाचव्याच मिनिटाला त्याने गोल ठोकला. पण मध्यंतरापर्यंत तुर्कस्तानने दोन गोल चढवले. दुसरा गोल जर्मनीतच जन्मलेल्या अठरा वर्षांच्या केनान यिल्डिझचा. उत्तरार्धात निक्लास फुलक्रुगने बरोबरी साधून दिली. मग जर्मनीच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू हावर्ट्झच्या हाताला लागला. पेनल्टी, गोल, जर्मनी २-३ ने पराभूत. एका टोकाला कमावलेलं त्याच गड्याने दुसऱ्या टोकाला घालवलं.

तीन दिवसांनी व्हिएन्नात ऑस्ट्रियानेही जर्मनीला २-० ने लोळवलं. प्रशिक्षकावर टीकेची झोड उठली, ती उठणारच होती.

पण असले प्रयोग करायचे तरी कधी? क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज मिळतात. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ते वर्षातून मोजक्या वेळा, तेही काही दिवसांपुरते मिळतात. पात्रता फेरीत हात बांधलेले असतात, कारण एक चूक स्पर्धेबाहेर काढू शकते. उरतात ते मैत्रीपूर्ण सामने. तिथे हरल्याची किंमतही कमी असते. फिफाच्या २०१८पासूनच्या क्रमवारी पद्धतीत ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालखंडातल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १० चा भार आहे, विश्वचषक पात्रता सामन्याला २५ चा, आणि विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे तो ६० वर जातो.

याचा अतिरेकही झालेला आहे. फेब्रुवारी २००३मध्ये लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिकसन यांनी मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. सतरा वर्षांचा वेन रूनी त्या दिवशी प्रथमच इंग्लंडकडून खेळला, ही एक जमेची बाजू. बाकी इंग्लंड १-३ ने हरला. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी नेमकं काय पाहिलं म्हणायचं? पुढच्याच वर्षी फिफाने अशा सामन्यांत बदली खेळाडूंची संख्या सहावर आणली.

जर्मनीची अडचण वेगळी होती. २०२४च्या युरो स्पर्धेचं यजमानपद असल्याने त्यांना थेट प्रवेश होता, म्हणजे पात्रता फेरी नाही आणि वर्षभर नुसते मैत्रीपूर्ण सामने. प्रयोगाला मोकळं रान, पण आपण नेमके कुठे आहोत हे कळायला मार्ग नाही. आधीचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक याच रानात हरवले. जून २०२३मध्ये त्यांनी युक्रेनविरुद्ध तिघांची बचावफळी लावून पाहिली, सामना ३-३ सुटला. पुढे पोलंडकडून ०-१, कोलंबियाकडून ०-२. सप्टेंबरमध्ये जपानने घरच्या मैदानावर ४-१ असं हरवल्यावर त्यांना पद सोडावं लागलं. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाच्या इतिहासात हकालपट्टी झालेले ते पहिले प्रशिक्षक.

नागेल्समान यांचं शहाणपण हावर्ट्झला मागे खेळवण्यात नव्हतं. तो डाव फसला हे ओळखून तो वेळीच मोडण्यात होतं. मार्च २०२४मध्ये त्यांनी साधं, जवळपास जुन्या वळणाचं गणित मांडलं. मधल्या फळीत खेळणारा योशुआ किमिख पुन्हा राइट-बॅक, २०२१मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला टोनी क्रूस परत मध्यभागी आणि हावर्ट्झ आघाडीच्या टोकाला. लेफ्ट-बॅकला मात्र नवा चेहरा, माक्सिमिलियान मिटेलश्टेट. आदल्याच मोसमात हा गडी हेर्था बर्लिनबरोबर दुसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि मग श्टुटगार्टला जाऊन सावरला होता.

ल्योंमध्ये फ्रान्सविरुद्ध सुरुवातीची शिट्टी वाजली. क्रूसचा लांब पास, फ्लोरियान विर्ट्झचा दुरून फटका आणि सात-आठ सेकंदांत गोल. दुसरा गोल हावर्ट्झचा. जर्मनी २-० ने जिंकली. त्यानंतर फ्रँकफर्टमध्ये नेदरलँड्सविरुद्ध मिटेलश्टेटने सुरुवातीलाच चूक करून गोल खाल्ला आणि थोड्याच वेळात स्वतः बरोबरीचा गोल केला. सामना जर्मनीने २-१ ने जिंकला. नागेल्समान यांनी त्याला बदललं नाही, आणि बाकीच्यांनाही नाही.

१४ जूनला म्युनिकमध्ये स्कॉटलंडविरुद्ध युरोचा पहिला सामना झाला. गोलरक्षक सोडला, तर ल्योंमध्ये उतरलेलेच दहा खेळाडू त्याच जागांवर सुरुवातीला उभे होते, आणि जर्मनीने तो सामना ५-१ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनने जादा वेळेत त्यांना २-१ ने रोखलं; पुढे विजेतेपदही स्पेननेच पटकावलं.