कबड्डी, कबड्डी... आणि लॅग

तुमच्या स्क्रीनवर रेडर दोघांना टच करून मध्यरेषेपलीकडे सुखरूप परतलाय. खोपोलीतल्या मित्राच्या स्क्रीनवर मात्र त्याची केव्हाच पकड झालीय. मग भांडण. ‘नेट स्लो आहे यार’ म्हणत सगळे उठतात, आणि सेमिस्टरभर रात्री जागून बनवलेला गेम तिसऱ्या मॅचनंतर कुणी उघडतही नाही.

कर्जत-खालापूरमध्ये बसून हौसेने ऑनलाइन गेम बनवत असाल, तर हे ओळखीचं वाटेल. पावसाळ्यात वीज गेली की वायफाय जातं, उरतो मोबाइलचा हॉटस्पॉट. पण नेटला शिव्या घालण्याआधी एकदा स्वतःचा कोड बघा. आमच्या वेळी तरी चोर घरातच सापडला होता.

हिशेब मांडू या. मॅटवर सात अधिक सात, चौदा खेळाडू. नवशिका प्रत्येकाची माहिती जेसनमध्ये पाठवतो: क्रमांक, एक्स, वाय, कोन, धावतोय की उभा. शब्द, कंस, अवतरणचिन्हं आणि दशांशचिन्हानंतरचे पाच-पाच आकडे धरून एका खेळाडूचे साधारण 65 बाइट होतात. चौदा जणांचे 910. ते सेकंदाला 20 वेळा. आणि होस्ट तुमचाच फोन असेल, तर उरलेल्या 13 जणांना वेगवेगळे. गुणाकार करा: सेकंदाला 2 लाख 36 हजार 600 बाइट, म्हणजे जवळपास 1.9 मेगाबिटचा अपलोड. डाउनलोड झकास असलं तरी मोबाइलचा अपलोड सहसा त्याहून बराच कमी असतो. तो भरला की पॅकेट रांगेत उभी राहतात. ही रांग म्हणजेच तुमचा लॅग.

आता कात्री लावा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. 10 बिटमध्ये 1024 टप्पे मावतात. 13 मीटरचे तेवढे भाग केले की एक टप्पा सव्वा सेंटिमीटरचा. एवढं पुरे, रेडरची जागा मिलिमीटरमध्ये कुणाला हवीय? एक्सला 10 बिट, वायला 10, कोनाला 6, स्थितीला 3. झाले 29 बिट, चार बाइटमध्ये आरामात बसतात. खेळाडूंचा क्रम आधीच ठरवून टाका, म्हणजे क्रमांक पाठवायलाच नको. चौदा जण मिळून 56 बाइट. 910 चे 56!

पण थांबा, लगेच चौदा वेगळी छोटी पॅकेट पाठवू नका. कर्जत स्टेशनवर उभं राहून बघा: डबे किती का असेनात, गाडीला इंजिन लागतंच. पॅकेटचंही तसंच. यूडीपीचं हेडर 8 बाइटचं, त्यावर आयपी आवृत्ती 4 चं 20 किंवा आवृत्ती 6 चं 40. चार बाइटच्या मालाला किमान 28 बाइटचं इंजिन! म्हणून सगळे एकाच गाडीत बसवा. 56 अधिक 28, झाले 84. वीस वेळा, तेरा जणांना, तरी अपलोड 0.17 मेगाबिटच.

यापुढची युक्ती म्हणजे जे बदललं तेवढंच पाठवणं. रेड चालू असताना कोपऱ्यातला खेळाडू जागचा हलला नसेल, तर त्याची जागा पुन्हा कशाला? इथे एक खड्डा आहे. मधलं पॅकेट हरवलं, तर ‘बदल’ कशाच्या तुलनेत मोजायचा? 1999 च्या क्वेक 3 ने यावर छान तोड काढली. समोरच्याने ‘मिळालं’ म्हणून कळवलेली शेवटची स्थिती धरायची आणि फरक तिच्याशीच मोजायचा. पॅकेटला अनुक्रमांक द्या, दोन बाइट खर्च होतील, होऊ देत.

यूडीपीच का? कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे. एक लोकल अडकली की मागचीला पुढे जाता येत नाही. टीसीपी असंच वागतो: हरवलेलं पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची ताजी पॅकेट तो गेमच्या हाती देत नाही. चॅटला हे ठीक, पण रेडर अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होता याचं आता काय लोणचं घालायचंय? ब्राउझरमधला गेम वेबसॉकेटवर असेल तर तो टीसीपीवरच चालतो. तिथे वेबआरटीसीचा डेटा चॅनल अविश्वसनीय पद्धतीने उघडता येतो. टीसीपीच वापरायचा असेल, तर निदान नेगलचा अल्गोरिदम बंद करा. छोटी पॅकेट साठवून एकत्र पाठवायची त्याची सवय 1984 ची आहे.

एक मात्र खरं, पॅकेट छोटं केल्याने अंतर कमी होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. फुकट मिळतो म्हणून सर्व्हर न्यूयॉर्कचा घेतलात, तर साडेबारा हजार किलोमीटर जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद गेलेच. प्रत्यक्षात त्याहून जास्त. मुंबईतला सर्व्हर निवडा. उरलेला उशीर लपवायचा: बटण दाबताच आपला खेळाडू आपल्या स्क्रीनवर लगेच हलवायचा, उत्तर आल्यावर दुरुस्ती करायची. 1996 मध्ये क्वेकवर्ल्डने हेच केलं, तेही मोडेमवर. डायल-अप जोडताना कसा आवाज यायचा, ते घरी विचारा.

मित्रांना गेम दाखवण्याआधी मुद्दाम नेट बिघडवून बघा. विंडोजवर क्लम्सी, लिनक्सवर नेटेम, दोन्ही मोफत. 150 मिलिसेकंद उशीर आणि शंभरातली पाच पॅकेट गायब, एवढ्यात खेळता आलं तर चालेल. वायरशार्क उघडून पॅकेट खरंच 84 च्या आसपास आहे का तेही मोजा. आणि पकड झाली की नाही, हे होस्टनेच ठरवायचं. फोनवर सोडलंत, तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी कधीच बाद न होणारा रेडर घेऊन येईल.