तिरुविडैमरुदूरचा मराठी दरबार

स्थलांतर केवळ माणसेच करतात असे नाही. संस्थाही गाव बदलतात. कॅनडात बर्फावरील हॉकी खेळणारे तरुणांचे संघ एका गावी आश्रय आटला की दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवतात. आपल्या नाटकमंडळ्यांनाही हा अनुभव होताच. परंतु ज्या राजदरबाराचा सारा अर्थ सिंहासनात साठवलेला, त्याला सिंहासनावाचून हलावे लागले तर मागे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर या क्षेत्री सापडते.

हे गाव महालिंगस्वामींच्या प्राचीन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. संस्कृत परंपरेत त्याचे नाव मध्यार्जुन. श्रीशैलचे मल्लिकार्जुन उत्तरेस आणि ताम्रपर्णीकाठचे पुटार्जुन दक्षिणेस, म्हणून हे मधले. तमिळमधील ‘मरुदम्’ म्हणजे अर्जुनवृक्षच.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी गादी स्थापिली. १७८७ मध्ये तुळजाजी राजे निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले होते. पण तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनीही गादीवर हक्क सांगितला. मद्रासच्या इंग्रज सरकारने शास्त्र्यांचे मत घेतले. मुलगा जन्मदात्या पित्याचा एकुलता एक आहे, वयानेही मोठा आहे, म्हणून दत्तक अशास्त्रीय, असा निर्णय मिळाला आणि अमरसिंह गादीवर बसले. धर्मशास्त्राचा वाद परकीय कचेरीत नेला, तेव्हाच राज्याची किल्ली हातची गेली होती.

सरफोजींचे पालकत्व श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे होते. राजवाड्यात मुलाचा छळ होतो अशा तक्रारी होऊ लागल्या, आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. पुढे अन्य पंडितांचे मत मागविले गेले व त्यांनी दत्तक ग्राह्य ठरविला. १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना पदच्युत करून सरफोजींना गादी दिली. त्याची किंमत पुढच्याच वर्षी मोजावी लागली: १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला. ज्या गादीसाठी चुलता-पुतणे झगडले, तिच्यावर अधिकार उरला तो जवळजवळ तंजावरच्या किल्ल्यापुरता.

अमरसिंहांना वर्षासन मिळाले आणि राहण्यास तिरुविडैमरुदूर. १८०२ मध्ये ते वारले. फौज नव्हती, वसुली नव्हती, न्यायनिवाडा नव्हता. तरी वंशजांनी दरबार मोडला नाही. राजेपणाचे जे एक अंग कंपनीने काढून घेतले नव्हते, ते म्हणजे गुणीजनांना आश्रय देणे, ते त्यांनी जपले. घनमार्गाचे गायक घनम् कृष्ण अय्यर यांचा या दरबाराशी संबंध होता. रामदास नावाचे हिंदुस्थानी संगीतज्ञही तेथे होते, आणि त्यांच्यापाशी गोपालकृष्ण भारती हिंदुस्थानी पद्धती शिकले. याच भारतींनी पुढे ‘नंदनार चरित्रम्’ हे तमिळ संगीतकाव्य रचले. अस्पृश्य मानला गेलेला एक शेतमजूर चिदंबरच्या नटराजाच्या दर्शनासाठी तळमळतो, ही त्याची कथा ऐकताना मराठी श्रोत्यास चोखोबांचे स्मरण व्हावे. पुढे तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली, तेव्हा मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी यांनाही तीत हक्काचे स्थान मिळाले.

या घराण्याची आणखी एक खूण महालिंगस्वामींच्या मंदिराशी निगडित आहे. हाती दीप घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीची ती धातुमूर्ती. तिच्यावरील १८५३ च्या तमिळ लेखानुसार राजकुळातील अम्मणी अम्माळ हिने प्रतापसिंहांशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस केला होता. तो फेडताना तिने एक दीप म्हणून आपलीच मूर्ती देवापुढे उभी केली. मूर्ती मराठा राजकन्येची, लेख तमिळ, देव चोळदेशीचा. काही पिढ्यांत मराठी माणूस त्या भूमीत किती रुजला होता, हे यावरून कळते.

दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, पुत्रहीन शिवाजी राजांच्या निधनाने तंजावरची गादीही संपली. सरफोजींच्या नावामागे सरस्वती महालाची ग्रंथसंपदा उभी आहे. अमरसिंहांच्या नावामागे तशी वास्तू नाही. परंतु त्यांच्या बिऱ्हाडी जे सूर शिकले गेले, ते तमिळ गळ्यांत उरले. राज्य हरलेल्या शाखेचा हा वारसाही महाराष्ट्राने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवावा, इतका मोलाचा आहे.