चौघांसाठी आणि शंभरांसाठी

दादरला वीर सावरकर मार्गावरच्या ज्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत शिकून मुलं पंचतारांकित हॉटेलांत जातात, तिचं मूळ धान्यटंचाईत आहे. १९५० ते १९५२ या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते आणि रेशनवर तांदूळ-गहू पुरत नव्हते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी गुजरातीतल्या लेखिका आणि स्वातंत्र्यसैनिक. त्यांच्या पुढाकारानं महिलांच्या अन्न परिषदेनं ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहं काढली. रताळी, केळी, शेंगदाणे अशा जिनसांतून पोटभरीचं खाणं करायचं आणि धान्य वाचवायचं, ही त्यांची रीत. याच परिषदेनं १९५४ साली मुंबईत ही संस्था उभी केली. तिच्या लांबलचक नावाच्या शेवटी अजूनही ‘उपयोजित पोषण’ आहे.

संपादकांना हवा होता संस्थेचा इतिहास. मी मात्र रेंगाळलो थंगम फिलिप यांच्या ‘मॉडर्न कुकरी’ या पुस्तकापाशी. फिलिपबाई इथं दीर्घकाळ प्राचार्य होत्या; १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या या दोन खंडांवर हॉटेलातल्या आचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्यात पदार्थाच्या साहित्यापुढे दोन रकाने असतात: चौघांसाठी आणि शंभरांसाठी.

वाटतं, पंचवीसनं गुणलं की झालं. तसं होत नाही. घरच्या कढईत कांदा पाच-दहा मिनिटांत लालसर होतो. पंचवीसपट कांदा एकदम पातेल्यात पडला तर त्याला पाणी सुटतं आणि तो परतण्याऐवजी शिजत बसतो. मोठ्या पातेल्यात आतल्या ऐवजाच्या मानानं वरचा पृष्ठभाग कमी, म्हणून वाफ होऊन जाणारं पाणीही कमी. सरळ गुणून पाणी ओतलं की आमटी पळीवाढी होण्याऐवजी पांचट होते. मीठ-तिखट तर राखूनच घालावं लागतं, कारण शंभर पानांची आमटी खारट झाली की ती सावरण्याला मार्ग नाही. लग्नाचा आचारी हे हातानं जाणतो, पण त्याचा अंदाज त्याच्याबरोबरच जातो. फिलिपबाईंनी तो वर्गात शिकवण्याजोगा केला, याचं मला अपार कौतुक वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही आणि हिच्यासारख्या इतर संस्था अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेल्या. पाहुणा महत्त्वाचा ठरला, भुकेला माणूस मागे पडला. आहारशास्त्र आणि रुग्णालयातल्या अन्नसेवेची पदविका दादरला आहे, ही जमेची बाजू. तरी त्या भुकेल्या माणसाची काळजी वाटतेच. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ असं माप ठरलेलं आहे. सरकारी हिशेब गुणाकाराचा; तो पातेल्यात उतरवायचा तो शाळेतल्या स्वयंपाकी बाईंनी, चुलीपुढे, तुटपुंज्या मानधनावर. शंभरांच्या रकान्याची खरी गरज तिथं आहे. पर्यटन खात्यानं ‘हुनर से रोजगार’ या योजनेत कमी शिकलेल्या तरुणांसाठी काही आठवड्यांचे मोफत वर्ग चालवले. तसाच वर्ग दादरच्या या स्वयंपाकघरांत शाळांतल्या स्वयंपाकी बायकांसाठी भरवायला हवा, आणि तो मराठीतून.