मोटारीच्या इंजिनाखालील आवरण

सातारा व सांगली जिल्ह्यांत आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी मोटार किंवा लहान मालवाहू गाडी असते. ती डांबरी सडकेइतकीच पाणंदीतूनही चालते. इंजिनाखाली बसविलेले आवरण एखाद्या दिवशी दगडास अडकून फाटते, खडखडू लागते आणि काढून टाकले जाते. तेल बदलतेवेळी सोडलेले आवरण गॅरेजमध्येच राहून जाते, असेही घडते. त्याविना गाडी चालते, म्हणून ते निरुपयोगी असावे असा समज होतो. हा समज चुकीचा आहे.

इंजिनाच्या पुढील भागात पट्टा, वीज निर्माण करणारा अल्टरनेटर व अनेक तारांचे जोड असतात. पावसाळ्यात पाटण, जावळीकडील तांबडा चिखल किंवा कृष्णाकाठची काळी माती चाकांबरोबर उडून येथवर पोचते. पट्टा घसरू लागतो, जोड गंजतात, आणि बिघाड काही महिन्यांनी दिसत असल्यामुळे त्याचे कारण ध्यानात येत नाही. काही गाड्यांत रेडिएटरमधून जाणाऱ्या वाऱ्यास योग्य वाट देण्याचे कामही हेच आवरण करते.

सर्वांत मोठा धोका तेलाच्या पात्रास असतो. यास मिस्त्री 'चेंबर' म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील खडकाळ वाटांवर उभा दगड लागून चेंबर फुटला तर तेल वाहून जाते, आणि तेलाचा तांबडा दिवा लागल्यावरही गाडी हाकल्यास इंजिन थोड्याच वेळात जाम होते. दिवा लागताच इंजिन बंद करावे. घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नये. प्लॅस्टिकचे आवरण खडी व चिखल अडविते, मोठा दगड अडवीत नाही. जेथे असे दगड नित्याचे आहेत तेथे गाडीच्या मापाचा लोखंडी गार्ड बसविणे बरे. मात्र तेल काढण्यास व पाणी निथळण्यास त्यास भोके असावीत. छिद्र नसलेला सपाट पत्रा वेल्डिंगने कायमचा जोडणे हा उपाय नव्हे.

जुन्या जीपगाडीस असे आवरण नव्हते, तरी ती डोंगरात चालली, असे कोणी म्हणेल. त्या गाडीचे पोट उंच होते, विजेची उपकरणे थोडी होती, आणि गिअरपेटीखाली तिलाही लोखंडी पत्रा होताच.

आवरण ठेवले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीच्या आवरणावर वाळलेले पाचट साठते. वरून तेल झिरपत असेल तर ते पाचट भिजते, आणि तापलेल्या इंजिनाखाली असा साठा ठेवणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. हंगामात आठवड्यातून एकदा, इंजिन थंड झाल्यावर, वाकून पाहावे व कचरा काढावा. धुराड्याची नळी बहुधा आवरणाबाहेर असते व फार तापते. म्हणून फडातील पाचटावर गाडी उभी करू नये. फाटलेल्या आवरणाच्या जागी गोणपाट किंवा ताडपत्री तारेने बांधण्याची युक्तीही करू नये. ती पट्ट्यात ओढली जाते किंवा पेट घेते.

कृष्णेच्या २०१९ व २०२१ मधील महापुरांसारखा पूर आल्यास, पाण्यात राहिलेली गाडी सुरू न करता ओढून न्यावी. दुरुस्तीच्या वेळी आवरण उतरवून त्यावरील गाळ धुवावा. तो वाळला की त्याच्या भाराने क्लिपा तुटतात.

एका टोकाने लोंबणारे आवरण मात्र तसेच ठेवून गाडी चालवू नये. ते चाकाखाली येऊ शकते. वाटेत ते सुटल्यास सर्व स्क्रू काढून आवरण गाडीत ठेवावे, सावकाश घरी यावे आणि नव्या क्लिपा लावून पुन्हा बसवावे. या क्लिपांची किंमत अल्प असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत पंप व फवारणी यंत्रांच्या तपासणीबरोबर याचीही आठवण द्यावी.