वाढती हाडं (६) : खुब्याचा निकाल पन्नाशीत

मागच्या भागात पर्थेस आजाराची ओळख झाली. चार ते आठ वर्षांचं मूल, बहुधा मुलगा, लंगडायला लागतं. दुखणं खुब्याचं, पण पोरगं हात लावतं गुडघ्याला. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो, गोळा खचतो आणि दोन-चार वर्षांत पुन्हा भरून येतो. तो भाग वाचून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एका आजींनी मला गाठलं. "नातवाचं ऑपरेशन झालंय हो. आता म्हातारपणापर्यंत काळजी नाही ना?"

उत्तराआधी ऑपरेशन काय करतं ते पाहू. ते रक्तपुरवठा जोडायला नसतंच. तो शरीर आपला आपण परत आणतं. सर्जन मांडीचं हाड वरच्या टोकाजवळ कापतो, थोडं झुकवतो आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करतो. नाहीतर सॉल्टर यांच्या पद्धतीने कमरेचं हाड कापून, गोळा ज्या वाटीत बसतो तिचं छत गोळ्यावर आणतो. गोळा ओल्या मातीसारखा मऊ असेपर्यंत तो वाटीत राहावा आणि वाटीच्याच आकाराने घडावा, एवढाच हेतू. म्हणून वेळेला महत्त्व. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांच्या चमूने २००५ मध्ये दाखवलं, की मांडीच्या हाडाचं ऑपरेशन लवकर झालं तर सुमारे एक तृतीयांश मुलांत गोळ्याचे तुकडे पडण्याची अवस्था टळतेच.

पण सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही. हेरिंग यांच्या २००४ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात आठ वर्षांपुढच्या, मध्यम खचलेल्या खुब्यांना ऑपरेशन लाभलं. त्याहून लहान मुलांत मध्यम आजार ऑपरेशनशिवायही तितकाच बरा झाला. गोळा फारच खचला असेल, तर ऑपरेशनने फरक पडला नाही. सहा वर्षांच्या मुलाला डॉक्टर "थांबू या" म्हणाले, तर ती टाळाटाळ समजू नये.

आता म्हातारपण. आयोवातल्या, ऑपरेशन न झालेल्या रुग्णांना डॉक्टर अनेक दशकं तपासत राहिले. सरासरी ३६ वर्षांनी बहुतेकांचं उत्तम चाललं होतं. तेच रुग्ण ४८ वर्षांनी पाहिले, तर सुमारे ४० टक्के खुबे बदलावे लागले होते! चाळिशीतली धडधाकट चाल पुरावा म्हणून पुरत नाही. फरक कशाने पडतो, ते स्टुलबर्ग यांनी १९८१ मध्ये मांडलं : वाढ थांबताना गोळा गोल असेल तर सांधा टिकतो, लंबगोल असून वाटीशी जुळला तर म्हातारपणी कुरकुरतो, चपटा आणि वाटी मात्र गोल, तर पन्नाशीच्या आतच झिजतो. त्यामुळे आजींना एवढंच सांगितलं, की नातवाची उंची वाढायची थांबली की काढलेला एक्स-रे बोलेल.

ऑपरेशनचीही किंमत असते. हाड झुकवल्याने पाय किंचित आखूड होतो, चाल काही काळ हेलकावते, मांडी कमी फाकते. खुब्याला गुण देणारी हॅरिस यांची प्रसिद्ध प्रश्नावली मोजे-बूट घालता येतात का, खुर्चीत तासभर बसवतं का, हे विचारते. पंगतीत मांडी घालता येते का, हे तिच्या गावीही नाही. आपल्याकडे पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. तो ऑपरेशनआधीच विचारून घ्यावा.

आणि ऑपरेशनचे कागद, एक्स-रे रद्दीत घालू नका. पुढेमागे खुबा बदलायची वेळ आलीच, तर झुकवलेल्या हाडात नवा सांधा बसवणाऱ्याला ते लागतील.

पुढच्या आठवड्यात : जन्मतःच निखळलेला खुबा.